लेपर्ड गेको आणि त्याचं स्टार्टर किट: १४ महिने वापरून झाल्यावर

आधीच सांगून टाकते, किटला ५ पैकी १ स्टार आणि तोसुद्धा काच फुटली नाही म्हणून, गेकोला मात्र ५ पैकी ५. खाली लांबलचक लिहिलंय, ज्यांना घ्यायचाय त्यांनी वाचा.

आम्ही इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतो, घर भाड्याचं, घरमालकाला कुत्रा-मांजर चालत नाही आणि मुलाला तर नवव्या वाढदिवसाला प्राणीच हवा होता. सप्टेंबर २०२४ मध्ये दुकानातून चिकू, आमचा लेपर्ड गेको, आला, साधारण चार महिन्यांचा, २२ ग्रॅम. दुकानवाल्याने मादी म्हणून दिला, पुढे डॉक्टरनी उलटा धरून पाहिलं आणि नर निघाला, लहानपणी नीट कळत नाही म्हणे. त्यामुळे आमच्या घरात अजून अर्धे लोक 'ती' म्हणतात.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ही आपल्या भिंतीवरच्या पालीची लांबची बहीण, पण हिला पापण्या असतात आणि पायाला ती चिकटणारी गादी नसते, म्हणजे काचेवर चढत नाही, ट्यूबलाइटमागे लपत नाही, डोळे मिटून चक्क झोपते. मूळची अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारताच्या खडकाळ कोरड्या भागातली. शेपटीत चरबी साठवते. नीट सांभाळली तर १५-२० वर्षं जगते, हे दुकानात कोणी ठळक सांगत नाही, म्हणजे माझा मुलगा नोकरीला लागेल तरी चिकू इथेच असणार. (महाराष्ट्रात हिच्या नात्यातली एक रानातली पाल आहे, ती विषारी असते असं गावाकडे लोक सांगतात आणि ठेचतात. विषारी अजिबात नसते. आणि पकडून पाळायचीही नसते.)

आता किट. १२० पाउंडात काचेची टाकी, खाली चिकटवायचा हीट मॅट, काचेवर चिकटवायचा गोल काट्याचा थर्मामीटर, रंगीत वाळूची पिशवी, प्लास्टिकची एक गुहा. थर्मोस्टॅट (ठरवलेल्या तापमानाला हीटर आवरणारं यंत्र) नाही. मी विचारलं तर म्हणाला छोटा मॅट आहे, लागत नाही. पहिले सहा आठवडे थर्मामीटर २७ दाखवत होता आणि आम्ही खूश, चिकू मात्र कायम थंड कोपऱ्यात पसरून पडलेला, खाणं अर्धं. आम्हाला वाटलं लाजतोय, नवीन घर आहे. मग नवऱ्याने तापमान मोजायची ती लाल ठिपक्याची गन आणली आणि मॅटच्या वरची जमीन मोजली तर ४३! आणि दुसरं टोक १९. म्हणजे एकीकडे तापलेला तवा, दुसरीकडे फ्रीज, आणि काचेवरचा काटा मधल्या हवेचं काहीतरी सांगत बसलेला. नशीब पोट भाजलं नव्हतं, नुसतं गुलाबी झालं होतं.

ह्या प्राण्याचं सगळं आरोग्य तापमानावर चालतं हे मला तेव्हा कळलं. त्याचं रक्त आपल्यासारखं स्वतःहून गरम राहत नाही, अन्न पचवायलासुद्धा बाहेरची ऊब लागते. ऊब कमी पडली की खाल्लेले किडे पोटात तसेच राहतात, उलटी होते नाहीतर अडकतं. वाळू खाऊन आतडं तुंबतं असं सगळे सांगतात ते खरंच आहे, पण आमच्या डॉक्टरांच्या मते त्यांच्याकडे येणाऱ्या बहुतेक तुंबलेल्या केसमध्ये मूळ भानगड थंडी आणि पाणी कमी हीच असते, वाळू वर आणखी भर घालते. रंगीत वाळू त्याच दिवशी कचऱ्यात गेली. (कॅल्शियमची म्हणून जी वाळू विकतात ती तर घेऊच नका, चव लागते म्हणून मुद्दाम चाटतात.)

नोव्हेंबरमध्ये सगळं बदललं. लाकडी व्हिव्हेरियम (प्राणी ठेवायची पेटी), ३ फुटी, त्यात हॅलोजन बल्ब आणि डिमिंग थर्मोस्टॅट, म्हणजे बल्ब हळूहळू मंद-प्रखर करणारा, हॅबिस्टॅटचा घेतला, एक वर्ष झालं, तक्रार शून्य. बल्बला साधा चालू-बंद करणारा थर्मोस्टॅट लावू नका, डिस्कोसारखी उघडझाप होते आणि बल्ब महिन्यात उडतो. बल्बखाली सपाट फरशी ठेवलीय, स्वयंपाकघराच्या टाइल्समधली उरलेली, ती ३२-३४ ला राहते, थंड बाजू २४-२५, रात्री सगळं बंद, खोली १८ पर्यंत उतरली तरी त्याला चालतं. सोबत आर्केडियाची शेडड्वेलर यूव्ही ट्यूब. पूर्वी लोक म्हणायचे निशाचर आहे, यूव्ही कशाला, पण संध्याकाळी आणि पहाटे हे बाहेर येतात आणि थोड्या यूव्हीवर अंगात व्हिटॅमिन डी३ बनवतात. चिकू कधीकधी गुहेतून फक्त शेपूट आणि एक पाय उन्हात काढून झोपतो, आमच्या सोसायटीतले आजोबा थंडीत खुर्ची टाकून बसायचे तसा. फक्त अल्बिनो (अंगात काळा रंग नसलेल्या) जातीचा असेल तर प्रकाश जपून, त्यांचे डोळे फार नाजूक असतात.

कॅल्शियमचं लिहिते कारण सगळ्यात वाईट रोग तिथून येतो. किड्यांमध्ये फॉस्फरस जास्त, कॅल्शियम कमी, आणि तेवढंच खाऊ घातलं की शरीर हाडांतून कॅल्शियम ओढतं. हाडं मऊ होतात, जबडा रबरासारखा, पाय वाकडे, चालताना थरथर. वाकलेलं हाड पुन्हा सरळ होत नाही. म्हणून किडे पावडरमध्ये घोळवून द्यायचे, बोंबील रव्यात घोळवतो ना अगदी तसं, पिशवीत घालून हलवायचं. आम्ही रिपॅशीची कॅल्शियम प्लस वापरतो, त्यात डी३ आणि व्हिटॅमिन ए दोन्ही आहे. ए कमी पडलं तर डोळे सुजतात, चिकटतात. आणि किड्यांनाही आधी गाजर वगैरे खाऊ घालायचं, उपाशी किडा म्हणजे नुसतं टरफल.

किडे म्हणजे आमच्याकडे मुख्यतः टोळ, डब्यातून मिळतात, साइझप्रमाणे. रातकिडे एकदाच आणले, तीन सुटले आणि दोन आठवडे कपाटामागून किर्रकिर्र, नवरा रात्री टॉर्च घेऊन फिरायचा. मीलवर्म (खायच्या अळ्या) फ्रीजमध्ये ठेवतो, थंडीत ते सुस्त पडून राहतात. इथेच सासूबाईंचा प्रवेश. त्या एप्रिलमध्ये सहा महिन्यांसाठी आल्या, घरात पाल पैसे देऊन आणली हे आधीच पचलं नव्हतं (त्या पंचांगात पाल अंगावर पडल्याचं फळ बघणाऱ्यांतल्या), आणि तिसऱ्या दिवशी कोथिंबीर समजून त्यांनी तो डबा उघडला. "अगं, हे काय वळवळतंय फ्रीजमध्ये!" आता मीलवर्मला स्वतंत्र छोटा फ्रीज आहे, २५ पाउंड, तेही खर्चात धरा.

आता आजार. पहिला डिसेंबरमध्ये, कात अडकली. हे लोक आपली कात ओढून खाऊन टाकतात, त्यामुळे बघायला काही उरत नाही आणि आपल्याला वाटतं झालं. इथे हिवाळ्यात हीटिंग दिवसभर चालू, घर कोरडं ठणठणीत. मागच्या डाव्या पायाच्या एका बोटावर जुन्या कातीची रिंग राहिली, मला वाटलं बोट पांढरं आहे, आणखी दोन कातींनंतर ती रिंग दोऱ्यासारखी आवळली आणि टोक काळं पडून गळलं. रक्त नाही काही नाही, पण मुलगा खूप रडला आणि मीही. त्यानंतर ओलसर गुहा केली, श्रीखंडाच्या रिकाम्या डब्याला बाजूला भोक पाडून आत ओलं मॉस (शेवाळ). दुकानातली ह्याच कामाची गुहा १८ पाउंड होती, डब्यात श्रीखंडपण मिळतं. प्रत्येक कातीनंतर बोटं मोजतो, १९ (आधी २० होती), आणि पापण्यांच्या कडा बघतो. अडकली तर कोमट पाण्यात बोटं बुडतील एवढंच पाणी घेऊन दहा-पंधरा मिनिटं, मग ओल्या इअरबडने हळू. कोरडी असताना ओढायची नाही.

फेब्रुवारीत खाणं बंद, सलग तीन आठवडे. मी घाबरले, पण वजन जवळपास तेवढंच, शेपूट जाड, शी व्यवस्थित. वयात आलेला नर विणीच्या सीझनला असं करतो. उलट जूनमध्ये खात होता पण वजन उतरत होतं, पाच आठवड्यांत ५८ वरून ४९. शेपूट काडीसारखी होत चालली, शी पातळ आणि घाण वास. गुगल केलं की एकच शब्द, क्रिप्टो. हा आतड्यातला परजीवी आहे, ह्यात खाल्लेलं अंगीच लागत नाही, खात्रीचं औषध नाही, साधं ब्लीचही त्याला मारत नाही, म्हणून एकापेक्षा जास्त गेको असणारे त्याच्या नावाने थरथरतात. दोन रात्री झोप नाही. एक्झॉटिकवाली (पाली-सापांसारखे वेगळे प्राणी बघणारी) डॉक्टर पाऊण तासावर (जवळच्या दवाखान्यात फोनवरच सांगितलं की आम्ही सरडे बघत नाही), ताजी शी डबीत घालून नेली. पिनवर्म (आतड्यातले बारीक जंत) निघाले, भरपूर. क्रिप्टोची पीसीआर टेस्ट निगेटिव्ह, पण एका निगेटिव्हवर विसंबायचं नाही, जंतू दर वेळी शीमध्ये येतोच असं नाही, म्हणून सहा आठवड्यांनी परत केली, तीही निगेटिव्ह. फेनबेंडाझोल ह्या जंतांच्या औषधाचे डोस, मधे दोन आठवड्यांचं अंतर, आणि तेवढे दिवस सगळी माती काढून किचन पेपरवर ठेवला, रोज पेपर बदल, गुहा उकळत्या पाण्यात, नाहीतर स्वतःच्याच शीतून परत जंत. औषधाचा डोस ग्रॅमवर मोजून ठरतो, घरी अंदाजाने देऊ नका. एकूण बिल २४० पाउंड. इन्शुरन्स नव्हता.

म्हणून माझ्या मते सगळ्यात भारी वस्तू कुठली तर ९ पाउंडाचा डिजिटल काटा. दर रविवारी वाटीत बसवून वजन, वहीत लिहायचं. नुसतं डोळ्याने बघून फेब्रुवारीत मी उगाच दवाखान्यात पळाले असते आणि जूनमध्ये खातोय ना म्हणून घरी बसले असते. दहा टक्क्यांच्या वर उतरलं की फोन लावा.

आणि घेताना रंगाला भुलू नका. लेमन फ्रॉस्ट नावाची पिवळीधमक सुंदर जात आहे, त्या रंगाच्या जनुकासोबत कातडीचा ट्यूमर येतो, अमेरिकेत २०२१ मध्ये त्यावर पेपर आला, ८० टक्क्यांहून जास्त प्राण्यांना झाला होता. एनिग्मा जातीतले गोल गोल फिरतात, डोकं वाकडं करतात, व्हिडिओत लोकांना गोड वाटतं पण तो मेंदूचा, तोल जाण्याचा प्रॉब्लेम असतो. आमचा साधा ठिपकेवाला, दुकानात सगळ्यात स्वस्त.

मादी घेणाऱ्यांनी लक्षात ठेवा, नर नसतानाही अंडी धरते आणि कधी आत अडकतात, ओली माती द्यावी लागते. दोन नर एकत्र कधीच नाही. हात लावल्यावर साबणाने धुवायचे, साल्मोनेला (पोट बिघडवणारा जंतू) असतो, घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर मी तरी घेणार नाही.

आजचं वजन ६३ ग्रॅम. सासूबाई ऑक्टोबरमध्ये पुण्याला परत गेल्या, व्हिडिओ कॉलवर नातवाच्या आधी पाल जेवली का विचारतात. यूव्ही ट्यूब वर्षाने बदलायची असते, उजेड दिसत राहतो पण यूव्ही संपलेलं असतं, आमच्या ट्यूबला ह्याच महिन्यात वर्ष झालं आणि अजून मागवलेली नाही, हे लिहिताना आठवलं.