वाईनसाठी फ्रिज घ्यायचा, पण कोणता?

वाईनचा छोटा फ्रिज घ्यायचं ठरलं, की कंप्रेसरचा की थर्मोइलेक्ट्रिक, यावर बरेच जण अडतात. जाहिरातीतला ‘शांत’ हा शब्द बाजूला ठेवा आणि आधी खोलीचं तापमान बघा.

वाईन दीर्घकाळ टिकवायला साधारण १२ ते १३ अंश सेल्सिअस लागतं, आणि तेही स्थिर. थर्मोइलेक्ट्रिक यंत्र पेल्टिए परिणामावर चालतं: वीजप्रवाहाने एक बाजू गार होते, दुसरी तापते. त्यामुळे ते खोलीपेक्षा ठरावीक अंशांनीच खाली जाऊ शकतं. खोली २२ अंशांवर असेल तर काम भागतं. ३५ वर गेली की बाटल्या वीस-बावीस अंशांपर्यंत चढतात, आणि यंत्र थांबायचं नाव घेत नाही. विजेचं बिलही मग वाढतंच. कंप्रेसर अशा उकाड्यातही १२ अंश गाठतो, ते कमी विजेत. माझ्या मते निम्मा निर्णय इथेच होतो.

आवाज आणि कंप यांत मात्र थर्मोइलेक्ट्रिक सरस, त्यात फक्त पंखा फिरतो. कंपाने वाईन बिघडते ही भीती मला थोडी फुगवलेली वाटते. उष्णता कितीतरी जास्त नुकसान करते. किंमत सहसा थर्मोइलेक्ट्रिकची कमी.

बुचाच्या बाटल्या दोन्हींत आडव्याच ठेवा.

वर्षानुवर्षं जपायच्या बाटल्या असतील किंवा खोली तापत असेल, तर कंप्रेसर. खोली बारा महिने थंड, बाटल्या मोजक्या आणि काही महिन्यांत संपणाऱ्या, शिवाय फ्रिज झोपण्याच्या खोलीत असेल, तर थर्मोइलेक्ट्रिक पुरेसा आहे.