टक्कर गाळायची कुठे: मास्क, कॉलबॅक की प्रीसॉल्व्ह?

कोणी कोणाला धडकायचं आणि कोणाच्या आरपार जायचं, हे ठरवायला फिजिक्स इंजिनात (खेळातल्या वस्तूंच्या हालचाली आणि टकरी हाताळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) साधारण तीन जागा असतात: मास्क, म्हणजे आधीच भरून ठेवलेले नियम; कॉलबॅक, म्हणजे 'ही जोडी धडकू द्यायची का' असं विचारायला इंजिन बोलावतं ते तुमचं फंक्शन; आणि प्रीसॉल्व्ह, म्हणजे टकरीचा परिणाम काढण्याच्या आधीची जागा. जागा निवडताना मी आधी एकच प्रश्न विचारतो: या जोडीचं उत्तर खेळ चालू असताना बदलतं का, आणि बदललं तर केव्हा?

कधीच बदलत नसेल तर बिटमास्क पुरे: प्रत्येक वस्तूचा गट (लेअर किंवा कॅटेगरी) एक बिट, आणि कोणत्या गटांशी धडकायचं ते बिट म्हणजे तिचा मास्क. युनिटी आणि गोडो ही गेम इंजिनं ३२ लेअर देतात. बॉक्स२डी या द्विमित फिजिक्स इंजिनात १६ कॅटेगरी होत्या, तिसऱ्या आवृत्तीपासून ६४ झाल्या. तपासणी म्हणजे बिटांचे दोन 'अँड', खर्च नगण्य. मात्र बॉक्स२डीत दोन्ही बाजूंची संमती लागते. एकीकडचा मास्क चुकला की टक्कर गायब, आणि शोधताना जीव मेटाकुटीला येतो.

'आपली गोळी आपल्यालाच लागू नये' यासाठी अनेक जण थेट कॉलबॅक लिहायला बसतात. बॉक्स२डीत त्याची गरज नाही. खेळाडूला आणि त्याच्या गोळ्यांना एकच उणे ग्रुप इंडेक्स (गटाचा क्रमांक) द्या, समजा उणे ३. ते आपसात धडकणार नाहीत, इतरांशी मास्कप्रमाणे धडकतील. रॅगडॉलचे (सैल सांध्यांच्या बाहुलीसारख्या कोसळणाऱ्या पात्राचे) हातपायही असेच सोडवतात. अडचण एकच: एका आकाराला ग्रुप एकच मिळतो. मालकी आणि संघ दोन्ही ग्रुपनेच पाहायचे असतील तर ते जमत नाही, मग कॉलबॅक कामी येतो.

पण हा कॉलबॅक दर स्टेपला (इंजिन खेळ पुढे सरकवतं त्या प्रत्येक छोट्या पावलाला) विचारला जातो, हा समज घातक आहे. दोन आकारांभोवतीच्या आयताकृती चौकटी एकमेकींवर आल्या आणि जोडी बनली, तेव्हाच इंजिन विचारतं. समजा, खेळाडू दाराला टेकून उभा आहे आणि तिथेच त्याला किल्ली मिळाली. तुमचा नियम आता 'जाऊ दे' म्हणतो, तरी दार घट्टच! कारण जुनं उत्तर अजून लागू आहे. बॉक्स२डी २.४ मध्ये अशा वेळी रीफिल्टर करावं लागतं, म्हणजे जोडी पुन्हा तपासायला इंजिनाला सांगावं लागतं. बुलेट या दुसऱ्या फिजिक्स इंजिनात आणखी एक खाच आहे: स्वतःचा फिल्टर कॉलबॅक लावला की ग्रुप-मास्कची नेहमीची तपासणीही तुम्हालाच करावी लागते.

उत्तर दिशेवर अवलंबून असेल, जसं खालून उडी मारून वर जाता येणारा प्लॅटफॉर्म, तर प्रीसॉल्व्ह. तिथे संपर्क बंद केला तरी तो त्या एका स्टेपपुरताच बंद राहतो, म्हणून दर वेळी पुन्हा सांगावं लागतं. पाय वर होते की खाली, हे संपर्क सुरू होतानाच नोंदवा आणि तो सुटेपर्यंत तेच पाळा. दर स्टेपला नव्याने ठरवलंत तर उडी अर्ध्यात मंदावताच खेळाडू फळीत अडकतो किंवा झटक्याने वर फेकला जातो.