सहा इंची एफआरपी पार्शल फ्लूम: मोजमाप चोख, पण बसवणीत चूक चालत नाही

गाळाचं किंवा सांडपाणी मोजायचं असेल आणि विसर्ग सेकंदाला ११० लिटरच्या आत असेल, तर १५२ मिमी कंठाचा (कंठ म्हणजे सर्वात अरुंद भाग) हा तयार एफआरपी, म्हणजे तंतू घातलेल्या प्लॅस्टिकचा, फ्लूम बेलाशक घ्यावा. फ्लूम म्हणजे विसर्ग, म्हणजे दर सेकंदाला वाहणारं पाणी, मोजण्यासाठी कालव्यात बसवायची मध्ये अरुंद होणारी नाली. वियरच्या, म्हणजे प्रवाहाला आडव्या घातलेल्या मोजबांधाच्या, पाठीशी गाळ साचतो. इथे भिंती जवळ येत जातात, वेग वाढतो आणि गाळ पुढे निघून जातो.

भिंती जवळ येणं आणि कंठात तळ उतरणं, या दोन बदलांमुळे पाणी क्रांतिक खोलीतून जातं, म्हणजे त्याचा वेग पृष्ठभागावरच्या लाटेच्या वेगाइतका होतो. मग खालच्या पाण्याचा वरच्या पातळीवर परिणाम होत नाही आणि एकाच पातळीवरून विसर्ग कळतो: पातळीचा (मीटरमध्ये) १.५८ वा घात गुणिले ०.३८१, उत्तर घनमीटर प्रतिसेकंद. ३० सेंमीला सुमारे ५७ लिटर. पातळी मात्र कंठात वाचायची नाही, तिथे पृष्ठभाग उतरत असतो. कंठाच्या सुरुवातीपासून भिंतीलगत ४१४ मिमी मागे, म्हणजे पाणी येतं त्या बाजूला, वाचायची. १५ सेंमीच्या पातळीत ५ मिमी चुकलं तर विसर्ग ५ टक्क्यांनी चुकतो, म्हणून पातळी वाचायच्या पट्टीचा शून्य कंठामागच्या सपाट तळाशी लेव्हलने जुळवून घ्या.

खरी कसोटी बसवताना लागते. बाहेरून काँक्रीट ओतताना भिंती आत दबतात. कंठ ३ मिमी अरुंद झाला तरी विसर्ग सुमारे २ टक्के जास्त दिसतो. आतून लाकडी टेकू द्या, काँक्रीट थोडं थोडं ओता, नाहीतर अख्खा फ्लूम तरंगून वर येईल. ओतल्यावर कंठाची रुंदी वर, मध्ये आणि खाली पुन्हा मोजा. कंठामागचा तळ लांबी आणि रुंदी दोन्ही दिशांना सपाट हवा. फ्लूमच्या अलीकडे कालवा त्याच्या रुंदीच्या दहापट तरी लांबीपर्यंत सरळ ठेवा. वळणानंतर लगेच बसवला तर पाणी एका भिंतीला चिकटून येतं आणि वाचन खोटं पडतं.

ध्वनिलहरींनी पातळी मोजणारा अल्ट्रासोनिक सेन्सर लावणार असाल तर फेसाकडे लक्ष द्या: तो फेसालाच पाणी समजतो. अशा ठिकाणी बाजूची विहीर, म्हणजे नळीने फ्लूमला जोडलेली शांत पाण्याची छोटी टाकी, बरी, फक्त तिची जोडनळी वेळोवेळी धुवावी लागते.

उणीव एकच, पण मोठी: हा फ्लूम पातळी खर्च करतो, म्हणजे वरचं पाणी खालच्यापेक्षा बरंच उंच राहावं लागतं. खालची पातळी वरच्या पातळीच्या ६० टक्क्यांवर गेली (दोन्ही मागच्या तळापासून मोजून) की कंठ बुडतो आणि वरचं सूत्र जास्त विसर्ग दाखवतं. दुसरी पातळी वाचून दुरुस्ती करता येते, पण ती कामचलाऊच. कालव्याला उतार कमी असेल तर तळाला चढ असलेला, लांब कंठाचा फ्लूम घ्या. त्याला एवढी पातळी लागत नाही.