छत आणि जमिनीत दाबून बसणारा आधाराचा खांब: भाड्याच्या दोन घरांतला अनुभव

"भोकं पडणार असतील तर नको हं." घर बघायला गेले तेव्हा मालकीणबाईंनी पहिल्या पाच मिनिटांतच सांगून टाकलं. बाथरूमच्या टाइल्स नव्या होत्या, त्यामुळे त्यांचं म्हणणं मला कळत होतं. पण मणक्याच्या दुखापतीनंतर माझा डावा पाय भार घेत नाही. उजवा घेतो, पण त्याला हाताची साथ लागते. घरात मी व्हीलचेअरवर असते आणि पलंगावरून उठताना काहीतरी घट्ट धरावंच लागतं. भिंतीला हात लावायचा नाही, तर धरायचं कशाला? त्या शोधात हा खांब सापडला. आता त्याला दोन वर्षं झाली, मधे एकदा घरही बदललं, म्हणून सविस्तर लिहिते.

खांब म्हणजे जाड स्टीलचा पाइप. वर आणि खाली रबरी पॅड असलेल्या चकत्या, आणि आत जॅकसारखा आट्यांचा स्क्रू. खांब उभा धरायचा, स्क्रू फिरवत जायचा, आणि छत व जमीन यांच्यामध्ये तो दाबून बसतो. ड्रिल नाही, खिळा नाही. पुस्तिकेत वजनाची मर्यादा १३६ किलो दिली आहे. माझं वजन त्याच्या निम्मंही नाही, पण उठताना आपण नुसतं वजन टाकत नाही, ओढतो, आणि बाजूला ओढलेलं त्याला आवडत नाही. जोर खालच्या दिशेने द्यायचा. हे अंगवळणी पडायला मला आठवडा लागला.

जागा ठरवण्याचं काम खांब आणण्याच्या आधीच करा. माझ्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट ताईंनी (दुखापतीनंतर रोजची कामं पुन्हा जमवायला त्या शिकवतात) एक लांब काठी पलंगाशेजारी उभी धरली आणि मला पाच-सहा वेळा उठायला-बसायला लावलं. दर वेळी काठी चार बोटं इकडे, चार बोटं तिकडे. मला वाटत होतं खांब उशीजवळ हवा. प्रत्यक्षात तो गुडघ्यांच्या थोडा पुढे, पलंगाच्या कडेपासून वीतभर अंतरावर सोयीचा ठरला. उशीजवळ असता तर उठताना मी मागेच ओढली गेले असते. खडूने जमिनीवर फुली मारली आणि खांब बरोबर त्या फुलीवर बसवला.

आता सकाळी असं होतं: खुर्ची पलंगाला तिरकी लावलेली, ब्रेक लागलेले, पायठेवण्या बाजूला केलेल्या. उजवा हात खांबावर छातीच्या उंचीला, डावा गादीवर. पुढे झुकायचं, नाक गुडघ्यांच्या पुढे आलं की उजव्या पायावर भार येतो आणि मी उभी असते. मग टाचेवर थोडं वळून खुर्चीत. पूर्वी यासाठी भावाला हाक मारावी लागायची. तो कधी कुरकुरला नाही, पण पहाटे पाचला जाग आली तरी तो उठेपर्यंत मी पडून राहायचे. आता पाचला उठते आणि खिडकीशी जाऊन बसते. या एका गोष्टीसाठी मी खांबाला पाचपैकी पाच देईन.

पण उणिवा आहेत, त्याही सांगते. पहिल्याच आठवड्यात तो किंचित सैल झाला. नवं रबर दाबलं जातं म्हणून असं होतं, पाव आटा फिरवल्यावर पुन्हा घट्ट बसला. तेव्हापासून दर महिन्याला हलवून बघते. दुसरं, वरचं छत पक्कं हवं. पीओपीच्या फॉल्स सीलिंगखाली हा खांब अजिबात लावू नका, दाब दिला की ते फुटेल. तिसरं, छतावर रबराचा करडा गोल डाग राहतो. बसवण्याआधी छताचे आणि जमिनीचे फोटो काढून मी मालकीणबाईंना पाठवून ठेवले होते, त्यामुळे घर सोडताना वाद झाला नाही. आणि छताची उंची मोजल्याशिवाय मागवू नका. दुसऱ्या घराचं छत उंच निघालं, जोडपाइप येईपर्यंत बारा दिवस पुन्हा भावाला हाका.

बाथरूममध्ये मात्र खांब नको, असं माझं स्पष्ट मत आहे. ओल्या हाताने गुळगुळीत उभा पाइप सटकतो. तिथे मी आधी सक्शनचं हँडल आणलं होतं. खटका दाबला की टाइलला चिकटतं, हिरवी खूण दिसली की म्हणे सुरक्षित. सकाळी हिरवी खूण बघून अंघोळीला गेले, आणि साबण घ्यायला वाकले तेव्हा ते भिंत सोडून माझ्या हातात आलं. खांदा नळावर आपटला. त्या चकतीची कड टाइलच्या सांध्यावर गेली होती, तिथून हवा शिरली. नुसता तोल सांभाळायला, बोट टेकवायला ते ठीक आहे, पण अंगाचा भार त्याच्यावर टाकू नका. कमोडला त्याच्याच बोल्टखाली अडकणारी दोन हातांची चौकट मिळते. ती मी अजून वापरते आणि तिच्याबद्दल काही तक्रार नाही.

दाराशी वेगळी गोष्ट. बाहेरची पायरी १५ सेंटीमीटर. रॅम्पला एकास बारा हा उतार धरतात, म्हणजे १८० सेंटीमीटर लांबी हवी. मी १२० चा घडीचा रॅम्प आणला, चढताना खुर्चीची पुढची चाकं उचलली जायला लागली. परत केला, लांब आणला. आता चढता येतं, पण जिना सगळ्यांचा, रॅम्प तिथे पडून ठेवता येत नाही. आणि खुर्चीत बसून आपल्याच मागचा रॅम्प घडी कोण करणार? विकणाऱ्यांच्या चित्रात नेहमी शेजारी एक धडधाकट माणूस उभा असतो. एकट्या राहणाऱ्या माणसाने हा विचार आधी करावा.

त्यामानाने बिजागऱ्यांनी मला सुखद धक्का दिला. बाथरूमचं दार उघडलं तरी त्याची जाडी वाटेत यायची आणि चाकावरच्या माझ्या बोटांची सालं निघायची. दार चौकटीबाहेर फिरवणाऱ्या बिजागऱ्या जुन्याच भोकांत बसल्या आणि चार सेंटीमीटर वाट वाढली. चार सेंटीमीटर म्हणजे दोन्ही हातांची बोटं. जुन्या बिजागऱ्या स्क्रूंसकट पिशवीत घालून, वर चिठ्ठी चिकटवून ठेवल्या आहेत.

दुसऱ्या घरी मी भीड सोडली आणि आधीच विचारलं, "काका, बाथरूममध्ये दोन ग्रॅब बार, म्हणजे भिंतीत पक्के बसवलेले धरायचे दांडे, लागतील. जाताना भोकं मी बुजवून देईन, लिहून देते." संयुक्त राष्ट्रांच्या २००६ सालच्या करारात दिव्यांग व्यक्तीला वाजवी सोय नाकारणं हा भेदभाव मानला आहे, हेही बोलण्यात सांगणार होते. त्याची गरज पडली नाही. काकांनी स्वतः टेप धरला, मी खुर्चीतून हात कुठवर पोचतो ते दाखवलं, आणि भिंतीवर पेन्सिलीने खुणा त्यांनीच केल्या. ते बार आता रोज माझा पूर्ण भार घेतात. पलंगाशी खांब आहेच, बाथरूमला भिंत लागते. पहिल्या घरीही मी असं लिहून द्यायला तयार होते, पण ते त्या दिवशी तोंडातून निघालं नाही.