प्रतिजैविकांच्या दिवसांतली कुपी : एन्टेरोजर्मिना वापरून पाहिल्यानंतर

गेल्या महिन्यात दाढेच्या मुळाशी पू झाल्यामुळे मला अमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल यांच्या एकत्रित प्रतिजैविक (अँटिबायोटिक) गोळ्या सात दिवसांसाठी घ्याव्या लागल्या. ठणका दुसऱ्याच दिवशी उतरला, परंतु तिसऱ्या दिवशी सकाळपासून पोट बिघडले आणि दुपारपर्यंत चार वेळा पातळ जुलाब झाले. डॉक्टरांना फोन केला तेव्हा त्यांनी गोळ्या मध्येच बंद न करता दिवसातून दोनदा एन्टेरोजर्मिनाची एकेक कुपी घेण्यास सांगितले. आपल्याकडे हे प्रोबायोटिक, म्हणजे पोटासाठी घ्यायचे उपयोगी जिवाणूंचे औषध, घरोघरी माहीत आहे, लहान मुलांना तर ते सर्रास दिले जाते. म्हणूनच त्याच्याकडून नेमकी कशाची अपेक्षा ठेवावी हे नीट लिहावेसे वाटले.

ही बोटाएवढी प्लॅस्टिकची कुपी असते आणि अशा कुप्या एकमेकींना चिकटलेल्या ओळीत येतात. एक मोडून वेगळी करायची, हलवायची आणि वरचे टोक पिरगाळून उघडायची. आत पाच मिलिलिटर द्रव असतो. त्याला रंग नाही, वास नाही आणि जवळजवळ चवही नाही. माझ्या दुसऱ्या कुपीत बारीक पांढरे कण तरंगताना दिसले आणि औषध खराब झाले की काय अशी शंका आली. माहितीपत्रक उलगडून वाचले तेव्हा कळले की ते औषधातल्या बीजाणूंचेच, म्हणजे कवचबंद जिवाणूंचेच, पुंजके असतात आणि त्यात काळजीचे कारण नाही. कुपी दिसायला इंजेक्शनच्या औषधासारखी असल्यामुळे हे औषध फक्त पोटात घेण्याचे आहे, असे पत्रकात बजावलेले असते, आणि ते योग्यच आहे.

ज्या दुकानातून मी कुप्या घेतल्या तेथे एक महत्त्वाची गोष्ट कोणीही सांगितली नाही : कुपी प्रतिजैविकाच्या दोन मात्रांच्या मधल्या वेळेत घ्यायची असते. पहिल्या दिवशी मी ती गोळीबरोबरच घेतली. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर केवळ नाव आणि 'दोनदा' एवढेच लिहिलेले असते, त्यामुळे दुकानदाराचे ते एक वाक्य रुग्णाच्या फार उपयोगाचे ठरते. ते सांगितले जावे, अशी माझी मनापासून अपेक्षा आहे.

या कुपीत बॅसिलस क्लॉसाय या जिवाणूचे दोन अब्ज बीजाणू असतात. बीजाणू म्हणजे कवचात झोपी गेलेला जिवाणू. जठरातल्या आम्लाला तो दाद देत नाही आणि त्याला फ्रिजही लागत नाही, त्यामुळे प्रवासात ही कुपी सोयीची पडते. शिवाय यातले वाण, म्हणजे या जिवाणूचे उपप्रकार, अनेक नेहमीच्या प्रतिजैविकांना पुरून उरतात, म्हणून गोळ्या चालू असतानाही ती देता येते. औषध म्हणून तिची ही बाजू भक्कम आहे.

प्रश्न आहे तो परिणामाचा. प्रतिजैविक दाढेतले जंतू मारते तेव्हा मोठ्या आतड्यातल्या शेकडो जातींच्या जिवाणूंनाही ते सोडत नाही. हे जिवाणू आपल्याला न पचलेले तंतू आंबवून ब्युटिरेटसारखी आम्ले तयार करतात आणि आतड्याच्या अस्तरातल्या पेशी मुख्यतः त्यावरच जगतात. हे काम थांबले की न आंबलेली कर्बोदके आतड्यात पाणी ओढून धरतात आणि जुलाब होतात. माझे जुलाब कुपी सुरू केल्यावर दोन दिवसांत आटोक्यात आले, पण ते कुपीमुळेच आले असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही, कारण असे सौम्य जुलाब पुष्कळदा आपोआपही थांबतात. अमेरिकन गॅस्ट्रोएंटरॉलॉजिकल असोसिएशनने २०२० साली, प्रतिजैविके घेणाऱ्यांना क्लॉस्ट्रिडिऑइडीस डिफिसिल या तीव्र जुलाब घडवणाऱ्या जंतूचा संसर्ग होऊ नये म्हणून ज्या मोजक्या वाणांची सशर्त शिफारस केली, त्यांत सॅकरोमायसिस बोलार्डी हे यीस्ट आहे, बॅसिलस क्लॉसाय नाही.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे कुपीतले जिवाणू आतड्यात घर करून राहत नाहीत. ते वाटसरू असतात. घेणे बंद केले की काही दिवसांत निघून जातात. इस्रायलच्या वाइझमन संस्थेतील संशोधकांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २१ निरोगी स्वयंसेवकांना सात दिवस प्रतिजैविके दिली होती, आणि त्यानंतर ज्यांनी अकरा वाणांचे प्रोबायोटिक घेतले त्यांच्या आतड्यातली मूळची जिवाणूसृष्टी, काहीच न घेणाऱ्यांपेक्षा उशिरा परतली. ते मिश्रण वेगळे होते आणि माणसे थोडी होती, म्हणून तो निष्कर्ष या कुपीला जसाच्या तसा लावता येणार नाही. तरीही गोळ्या संपल्यावर 'ताकद म्हणून' महिनाभर कुप्या पीत राहण्याची जी पद्धत पडली आहे, तिला मला काही आधार दिसत नाही. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका अभ्यासात तीन जहाल प्रतिजैविके चार दिवस घेतलेल्या १२ पुरुषांची जिवाणूसृष्टी सुमारे दीड महिन्यात बरीचशी सावरली, मात्र पूर्वी सर्वांमध्ये असलेल्या नऊ जाती सहा महिन्यांनंतरही बहुतेकांत सापडल्या नाहीत.

ही भरपाई ताटातूनच व्हावी लागते. गोळ्या संपल्यावर मी पहिले दोन दिवस मऊ भात आणि ताक घेतले, नंतर ज्वारीची भाकरी, मोड आलेली मटकी, कांदा आणि लसूण हळूहळू वाढवत नेले. एकदम उसळीचा वाडगा पुढे ओढला असता तर पोट पुन्हा फुगले असते. विरजण घरचेच, आदल्या दिवशीच्या दह्याचे. कढी कितीही आवडत असली तरी उकळीबरोबर तिच्यातले जिवाणू मरतात, म्हणून या काळात न उकळलेले ताकच बरे. डॉक्सिसायक्लिन किंवा सिप्रोफ्लॉक्सासिन यांसारखे प्रतिजैविक चालू असेल, तर दूध-दही आणि गोळी यांच्यात काही तासांचे अंतर ठेवावे लागते, कारण कॅल्शियममुळे ती औषधे नीट शोषली जात नाहीत.

ज्यांची प्रतिकारशक्ती आजारामुळे किंवा औषधांमुळे फार खालावली आहे, त्यांनी कुठलेही प्रोबायोटिक डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. जुलाबात रक्त दिसले, ताप आला किंवा दिवसभर पाण्यासारखे जुलाब होत राहिले, तर कुपीवर किंवा जुलाब थांबवणाऱ्या गोळीवर भिस्त न ठेवता त्याच दिवशी दवाखाना गाठावा. प्रतिजैविक संपून काही आठवडे झाले असले तरी ते घेतले होते हे तेथे आवर्जून सांगावे.

वापरायला सोपी, बेचव असल्यामुळे मुलेही सहज घेतील अशी, पण किमतीच्या मानाने मर्यादित उपयोगाची, असे या कुपीविषयी माझे मत आहे. डॉक्टरांनी सांगितली तर गोळ्यांचे दिवस निभावण्यापुरती मी ती पुन्हा घेईन. एका कुपीला जवळपास लिटरभर दुधाइतके पैसे पडतात आणि दुकानदार सहसा दहांची पूर्ण ओळ पुढे करतो. मात्र पुढच्या वेळी मागितल्यावर मला सुट्या कुप्या मिळाल्या, तेव्हा गोळ्यांचे उरलेले दिवस मोजून तेवढ्याच घ्याव्यात.