नऊ सीटांची कमांड: एक इंजिन की दोन?

अमेरिकेत सीपीएल, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाचा परवाना, हातात आहे, उड्डाणाचे बाराशेच्या आसपास तास झालेत आणि दोन कम्यूटर कंपन्यांकडून, म्हणजे छोट्या विमानांनी वेळापत्रकाची सेवा देणाऱ्यांकडून, बोलावणं आलंय. एकीकडे एका इंजिनाचं सेसना कॅराव्हॅन, दुसरीकडे दोन इंजिनांचं सेसना ४०२ किंवा टेकनॅम पी२०१२. दोन्हीकडे प्रवासी नऊच. तरीही आज डाव्या सीटवर, म्हणजे कॅप्टन म्हणून, कायद्याने बसता येईल ते फक्त कॅराव्हॅनमध्ये.

एफएए या अमेरिकी विमान नियामकाच्या १३५.२४३ या कलमानुसार प्रवासी नेणारं जेट, दहा किंवा जास्त प्रवासी सीटांचं विमान आणि कम्यूटर सेवेतलं दोन इंजिनांचं विमान यांच्या कॅप्टनकडे एटीपी, म्हणजे सर्वांत वरचं वैमानिक प्रमाणपत्र, लागतं. नऊ सीटांचं कॅराव्हॅन यातून सुटतं. व्हीएफआरपुरतं, म्हणजे स्वच्छ हवेत बाहेर बघून, उडायचं तर ५०० तास पुरतात. आयएफआरला, म्हणजे ढगांतही उपकरणांच्या भरवशावर उडायला, १,२०० लागतात, त्यात ५०० क्रॉस कंट्री (एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाण्याचे), १०० रात्रीचे आणि ७५ इन्स्ट्रुमेंटचे. एकूण १,२४० झाले, पण रात्रीचे ९६च भरले, तर घोडं तिथेच अडतं. को-पायलटऐवजी ऑटोपायलटवर कम्यूटर सेवा द्यायची असेल, तर त्याच मॉडेलवर कमांडचे १०० तासही हवेत.

ट्विनसाठी, म्हणजे दोन इंजिनांच्या विमानासाठी, पूर्ण एटीपी हवं: वय २३, १,५०० तास, त्यात मल्टी इंजिनचे ५०, शिवाय परीक्षेआधी एटीपी-सीटीपी कोर्स, म्हणजे ३० तास वर्ग आणि १० तास सिम्युलेटर. इथे एक खड्डा आहे. विमानचालनाची पदवी असेल तर १,००० तासांवर रिस्ट्रिक्टेड, म्हणजे मर्यादित अधिकारांचं, एटीपी मिळू शकतं आणि अनेकांना वाटतं, झालं काम. पण त्यावर मोठ्या एअरलाइनमध्ये को-पायलट होता येतं, कम्यूटर ट्विनचं कॅप्टन नाही.

गंमत ‘कम्यूटर’ या शब्दाची आहे. जाहीर वेळापत्रकाने एखाद्या मार्गावर आठवड्याला किमान पाच फेऱ्या, जाऊन-येऊन, असतील तरच ती कम्यूटर सेवा. तेच नऊ सीटांचं ट्विन चार्टरवर न्यायला १,२०० तासांचा सीपीएलवालाही चालतो.

आता ज्याचा हिशेब सहसा कुणी मांडत नाही ते. एफएए नियमांच्या भाग १२१ च्या, म्हणजे मोठ्या, एअरलाइनमध्ये कॅप्टन व्हायला १,००० तासांचा ठरावीक अनुभव लागतो. तो तिथलाच को-पायलट म्हणून चालतो किंवा भाग १३५ मधल्या (कम्यूटर आणि चार्टर सेवेच्या नियमांतल्या), जिथे एटीपी सक्तीचं आहे अशा कमांडचा. कम्यूटर ट्विनची कमांड त्यात धरतात. कॅराव्हॅनची नाही, मग खिशात एटीपी असलं तरी. कॅराव्हॅनचे तास १,५०० भरायला उपयोगी, या १,००० साठी शून्य.

म्हणून माझा कौल: १,२०० वर असाल तर कॅराव्हॅन घ्या, पण उरलेल्या ३०० तासांपुरतंच. वेळापत्रकाच्या सेवेत महिन्याला १२० आणि सात दिवसांत ३४ तासांपेक्षा जास्त उडता येत नाही, तेव्हा दोन-तीन महिने तरी धरून चला. कंपनी दोन वर्षांचा बाँड, म्हणजे तोवर नोकरी न सोडण्याचा करार, पुढे करत असेल तर मी सही करणार नाही. आधीच १,५०० च्या वर असाल आणि एअरलाइनच गाठायची असेल, तर सरळ ट्विन. आयुष्यभर छोटीच विमानं उडवायची असतील तर मात्र कॅराव्हॅनमध्ये तुमचं काहीच बुडत नाही.