ट्रेक ७३० मल्टिट्रॅक: ऐंशी डॉलरची जुनी हायब्रिड घ्यावी का?

अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसनमध्ये १५ ऑगस्टच्या आसपास विद्यापीठाजवळची भाड्याची घरं एकदम बदलतात आणि फुटपाथवर सोफ्यापासून सायकलीपर्यंत सगळं फुकट मिळतं. सायकल मात्र मी तिथून उचलत नाही. बर्फ वितळवायला इथे रस्त्यावर मीठ टाकतात. कुलूप लावून बाहेर उभ्या केलेल्या सायकलीने असे दोन-तीन हिवाळे काढले की तिची हाडं खिळखिळी होतात. म्हणून एका निवृत्त प्राध्यापकांच्या गॅरेजमध्ये टांगलेली ट्रेक कंपनीची ही हायब्रिड, म्हणजे रस्त्याची आणि डोंगरातली यांच्या मधली सायकल, ऐंशी डॉलर मोजून आणली.

नव्वदच्या दशकातला ट्रेकच्या मल्टिट्रॅक मालिकेतला हा मधला नंबर. ट्रेकची सुरुवात १९७६ साली वॉटरलू या गावी झाली. माझ्या घरापासून गाडीने तास लागत नाही. फ्रेमवर ट्रू टेंपर कंपनीच्या क्रोमोली (मिश्र पोलादाच्या) नळ्यांचं स्टिकर अजून वाचता येतं. तीन पुढे, सात मागे असे गिअर, कँटिलिव्हर (दोन्ही बाजूंनी रिमवर रबर दाबणारे) ब्रेक, सरळ हँडल. वजन घरच्या काट्यावर साडेतेरा किलो; आजच्या मानाने जड, पण मला ती खांद्यावरून न्यायची नाहीये.

घेताना रंगाकडे पाहिलंच नाही. आधी सीटचा नट सैल केला आणि सीटची नळी फिरते का ते पाहिलं. फ्रेम पोलादाची, नळी ॲल्युमिनियमची. मधे ओल आणि मीठ गेलं की दोन्ही एकमेकांना असे धरतात की शेवटी करवत लावावी लागते. नळी घट्ट बसलेली असेल तर सायकल कितीही चकचकीत असो, मी नमस्कार करून निघते. इथे ती जराशी कुरकुरली आणि वर आली. मग खालच्या नळीवर, हँडलच्या मागे बोट फिरवलं. समोरून धडकलेल्या सायकलचा रंग तिथे सुरकुततो. इथे गुळगुळीत. रिमची ब्रेक घासते ती पट्टी सपाट होती. झिजून खोलगट झाली असती तर नवी चाकं घ्यावी लागली असती आणि सगळा हिशेबच बिघडला असता.

कोल्हापुरात बाबांना व्हिडिओ कॉलवर दाखवली. त्यांनी ना ब्रँड विचारला ना वर्ष. "अगं, मागचं चाक उचल आणि फिरव." फिरवलं. "आउट आहे, वाकडं फिरतंय. पण आरे शाबूत दिसतात, निघेल." निघालं.

गिअरने आधी घाबरवलं. खटका दाबला तर आत काही अडकतच नव्हतं, नुसता पोकळ. जुन्या शिमानो शिफ्टरचा, म्हणजे गिअर बदलायच्या खटक्याचा, हा नेहमीचा आजार: आतलं ग्रीस मेणासारखं घट्ट होतं आणि खटक्याच्या कुत्र्या (दात अडवणारे छोटे तुकडे) जागच्या जागी चिकटतात. बरेच जण इथेच शिफ्टर भंगारात टाकतात. मी डब्ल्यूडी-४० आत भरपूर मारलं, काळं पाणी गळेपर्यंत खटका दाबत राहिले, मग हलकं तेल सोडलं. आता सातही गिअर टकाटक पडतात.

बाकीचं काम इथल्या एका सामुदायिक वर्कशॉपमध्ये, तासाचं भाडं देऊन केलं. पेडलचे दोन्ही दांडे ज्यावर फिरतात तो फ्रेममधला एक्सल (बॉटम ब्रॅकेट) उघडताना एक लक्षात ठेवा: उजवीकडच्या कपाचे आटे उलटे असतात, नेहमीच्या दिशेने पाना मारला तर तो आणखी आवळतो. आतल्या कपाला खड्डे पडले होते, म्हणून सुटे छर्रे न भरता ६८ मिलिमीटरचं बंद कार्ट्रिज (बेअरिंगसकट तयार एक्सल) टाकलं. मागच्या हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या भागात, दोन्हीकडे पाव इंची नऊ-नऊ छर्रे. छर्रे ज्यावर फिरतात ते कोन चांगले होते, नुसते छर्रे आणि ग्रीस बदललं. चेन बारा इंचांवर मोजली तर एक-षोडशांश इंचाहून जरा कमी वाढलेली. म्हणजे मागच्या दातऱ्या वाचल्या आणि फक्त चेन बदलून भागलं. एक-अष्टमांश भरली असती तर दातऱ्याही गेल्या असं समजायचं.

टायर ६२ डॉलर, कार्ट्रिज २७, चेन १८, केबल १६, ब्रेकचे रबर १४. सायकल धरून २१७. नवी साधी हायब्रिड पाचशेच्या पुढे जाते. टायरसाठी शोधाशोध नाही, कारण ७०० सीचं ६२२ मिलिमीटरचं माप आजही प्रत्येक दुकानात मिळतं. त्याआधीच्या काळातली २७ इंची चाकांची सायकल घेतलीत तर ते ६३० चं माप असतं, आणि मग टायरची निवड फारच आकसते.

चालवायला कशी? जुन्या रेल्वेमार्गावरच्या मिलिटरी रिज ट्रेलवर, चुनखडीच्या बारीक खडीवर, ही सायकल खुलते. ३८ मिलिमीटर रुंदीचे टायर, वर मडगार्ड, मागे कॅरिअर, आणि तरी फ्रेममध्ये जागा उरते. पुढचं चाक धरणारा पोलादी फोर्क हातांना झिणझिण्या येऊ देत नाही. चढाला सर्वांत हलका गिअर इतका हलका की मी उतरून ढकलत नाही. शहरात मात्र ती आळशी आहे. सिग्नल सुटल्यावर शेजारची ॲल्युमिनियमवाली पुढे निघून जाते. हँडल वर-खाली करायचं तर जुना क्विल स्टेम (हँडल धरणारा, फ्रेममध्ये आत उतरणारा दांडा) सैल करून अगदी सोपं, पण पुढे-मागे करायला आख्खा स्टेम बदलावा लागतो.

ब्रेक हीच तिची कमजोर बाजू. नवे रबर बसवल्यावर रस्ताभर किंचाळत होते. रबराचं पुढचं टोक रिमला आधी टेकेल असं तिरकं बसवलं तेव्हा गप्प झाले. ओल्या उतारावर डिस्क ब्रेकची सर नाहीच. पावसात रोज ऑफिसला जाणाऱ्याने हे आधी मनाशी ठरवावं.

आणि एक: अमेरिकेत पुढचा ब्रेक डाव्या हाताला असतो, आपल्याकडे उजव्या. नव्या केबल टाकताना मी त्या अदलाबदल करून घेतल्या. त्यामुळे शेजारच्यांनी चालवायला मागितली, तर किल्ली देण्याआधी तेवढं सांगते.